होडीत बसण्याआधी

राजापूरला अर्जुना नदीच्या काठी उभे राहिले तर समुद्र दिसत नाही. तो कैक मैल पश्चिमेला, जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी. तरीही सतराव्या शतकात परदेशी माल याच खाडीने वर चढायचा आणि अणुस्कुरा घाटातून बैलांच्या पाठीवर उतरलेला देशावरचा माल याच वाटेने बाहेर पडायचा. इंग्रजांची इथे वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर मारले, तेव्हा वखारवाले इंग्रज कैदेत पडले. पुढे १६७० च्या सुमारास याच गावात आणखी एका टोपीकराला जागा मिळाली. तो फरांसीस, म्हणजे फ्रेंच.

ही वखार मोठी नव्हती, फार टिकलीही नाही. पण तिच्या निमित्ताने एक प्रश्न नीट मांडता येतो. त्याच शतकात हेच फ्रेंच अटलांटिकपलीकडे, आजच्या कॅनडात, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी वस्त्या वसवत होते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भूर्जसालीच्या होड्यांत बसून त्यांचे व्यापारी आणि पाद्री शेकडो मैल आत जात होते. माणसे एका देशाची, धर्म एक, लोभही तोच. तरीही राजापुरात ते अटींवर राहणारे पाहुणे राहिले आणि तिकडे हळूहळू घरमालक झाले. फरक तोफा-बंदुकांचा होता, हे खरेच. पण त्याच्या मुळाशी धर्माचा एक जुना पेच आहे. दुसऱ्याच्या घरी आपला देव घेऊन जाणाऱ्याने यजमानाचा नकार ऐकून घ्यावा की नाही?

या पेचाची एक बाजू जाँ द ब्रेबफ या पाद्र्याच्या आयुष्यात दिसते. तो नॉर्मंडीचा, जन्म १५९३ चा, जेझुइट संघाचा. १६२५ मध्ये तो क्वेबेकला उतरला आणि पुढच्याच वर्षी ह्युरॉन लोकांच्या मुलखात गेला. ह्युरॉन हे फ्रेंचांनी दिलेले नाव. ते स्वतःला वेंडॅट म्हणवत. मका, घेवडा आणि भोपळा पिकवणारी, लांबलचक सामाईक घरांतून राहणारी ही माणसे. ब्रेबफ त्यांच्यात राहिला, त्यांची भाषा शिकला. त्यांनी त्याला आपल्या भाषेतले नावही दिले, एकॉन.

१६३७ मध्ये त्याने मागून येणाऱ्या पाद्र्यांसाठी सूचना लिहिल्या. आजही त्या वाचताना माणूस थबकतो, कारण त्यात धर्मशास्त्र थोडे आणि होडीतली रीत जास्त आहे. निघायच्या वेळी यजमानांना ताटकळत ठेवू नका. विस्तव पेटवायला जवळ चकमक बाळगा. ते देतील ते खा, देतील तेव्हा खा. होडीत चढताना झगा वर खोचा, पाण्याचा थेंब की वाळूचा कण आत येऊ देऊ नका. वल्हे हातात घेणार असाल तर शेवटपर्यंत मारा, नाहीतर घेऊच नका. आणि या लोकांना भाऊ समजा, कारण उरलेले आयुष्य त्यांच्याबरोबर काढायचे आहे.

कोकणातल्या कुठल्याही तरीवाल्याला हे शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही. परक्याच्या होडीत पायाची वाळू नेऊ नये, ही साधी गोष्ट ज्याला सुचते त्याच्या मनात समोरच्या माणसाबद्दल आदर असतो. ब्रेबफचा आदर खोटा नव्हता.

भाषेच्या बाबतीत तर तो फारच खोल गेला. ख्रिस्ती प्रार्थनेत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घेतात. पण वेंडॅट भाषेत नुसता ‘पिता’ म्हणताच येत नाही. कुणाचा पिता, हे त्याच शब्दात सांगावे लागते: माझा, तुझा, त्याचा, आमचा. शेवटी आमच्या पित्याच्या, त्याच्या पुत्राच्या आणि त्या दोघांच्या पवित्र आत्म्याच्या नावाने, असे म्हणण्याची परवानगी त्याने वरिष्ठांकडे मागितली. दुसरी अडचण याहून अवघड होती. ज्याचा बाप वारला आहे त्याच्यापुढे त्या नात्याचा उच्चार करणे हा त्या समाजात घोर अपमान. मग पोरक्या माणसाला स्वर्गातल्या बापाची प्रार्थना शिकवायची कशी? व्याकरणाच्या एका प्रत्ययापाशी सगळे धर्मशास्त्र येऊन अडले होते. ब्रेबफने हे लपवले नाही, प्रामाणिकपणे लिहून फ्रान्सला कळवले.

असाच एक फ्रेंच जेझुइट त्याच काळात कोकणच्या किनाऱ्यावर मराठीत ओव्या रचत होता. एतिएन द ला क्रुआ त्याचे नाव. १६०२ मध्ये तो गोव्यात आला आणि तिथल्या साष्टीत राहिला. त्याचे सेंट पीटरवरचे मराठी पुराण १६२९ मध्ये छापून निघाले. त्याच्या आधी फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला पोहोचला होता. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्याने मराठीची थोरवी गायली, ओवी आपलीशी केली, ख्रिस्ताच्या स्वर्गाला वैकुंठ म्हटले. मराठी वाचकाला ‘ख्रिस्तपुराणा’चा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. परक्याने आपली भाषा इतक्या मायेने उचलावी, याचे कौतुक कुणाला वाटणार नाही?

पण ला क्रुआच्या ग्रंथाचे पोर्तुगीज शीर्षक पाहिले की दुसरी बाजू समोर येते. पूर्वेकडच्या मूर्तिपूजकांच्या मुख्य प्रमादांचे खंडन या ग्रंथात केले आहे, असे ते शीर्षकच सांगते. ज्या पुराणांचे खंडन करायचे त्यांचाच छंद, त्यांचीच भाषा. ही ओवी ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली होती. कित्येकांनी आपले देव रातोरात नदीपलीकडे हलवले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. पुराण ऐकायला बसलेल्या माणसाला उठून जायची मोकळीक कितपत होती, हे त्यावरून समजते.

इथेच मूळ मुद्द्याला हात घालावा लागतो. भाषा शिकणे म्हणजे निम्मा मान देणे. त्या भाषेतला नकार ऐकून घेणे हा उरलेला निम्मा.

वेंडॅट लोकांनी नकार दिला होता, आणि तो स्पष्ट शब्दांत होता. पाद्री आपला धर्म सांगत तेव्हा ते म्हणत, की अशी आमची रीत नाही, तुमचे जग वेगळे आणि आमचे वेगळे, तुमचे जग ज्या देवाने घडवले त्याने आमचे घडवलेले नाही. हे उत्तर खुद्द ब्रेबफनेच नोंदवले आहे. रानटी माणसाचे अज्ञान म्हणून ते बाजूला सारता येणार नाही. सत्य एकच असले तरी ते सगळ्यांना एकाच वाटेने भेटायला हवे का, असा तत्त्वज्ञानातला बिनीचा प्रश्न त्या उत्तरात आहे. आपल्याकडे गावोगावी हेच बोलले जाते. देश वेगळा, रीत वेगळी, ज्याचे त्याचे कुलदैवत वेगळे. अशा माणसाला दुसऱ्याचा देव खोटा ठरवण्याची गरज वाटत नाही. स्वतःचा सोडण्याचीही वाटत नाही.

ब्रेबफची अडचणही समजून घेतली पाहिजे. बाप्तिस्मा न झालेला आत्मा नरकात जातो, यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. घराला आग लागलेली दिसत असताना शेजाऱ्याने आवाज देऊ नये, असे कुणी म्हणेल का? दार उघडले नाही म्हणून तो मुकाट परत फिरेल का? धर्मप्रसाराच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद हाच आहे. त्याला खोटा म्हणून हसण्यावारी नेणे अन्याय होईल, कारण ब्रेबफने त्याची किंमत स्वतःच्या देहाने मोजली. १६ मार्च १६४९ रोजी ह्युरॉनांच्या शत्रूंनी, इरोक्वाय योद्ध्यांनी, त्याला हाल करून मारले.

तरीही या युक्तिवादात एक भोक आहे. हाक मारणारा शेजारी एकटा आलेला नसतो. त्याच्यामागे कोण उभे आहे, यावर हाकेचा अर्थ ठरतो. ह्युरॉन मुलखात पाद्री गेले ते फरच्या व्यापाराचे बोट धरून. व्यापार हवा असेल तर पाद्र्यांना ठेवून घ्या, अशी फ्रेंचांची अट होती. पुढे ख्रिस्ती झालेल्या ह्युरॉनांना मालाच्या भावात सवलत मिळू लागली आणि बंदुका फक्त त्यांनाच विकत मिळत. शत्रू दाराशी असताना बंदूक कुणाला मिळेल हे बाप्तिस्म्यावर ठरणार असेल, तर ‘नको’ या शब्दाची किंमत जिवाएवढी होते. साष्टीतही तेच घडले. पोर्तुगीज राजाच्या १५५९ च्या हुकमाने पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती धर्मात वाढवण्याची सोय केली. नोकऱ्या, मान, वारसाहक्क नव्या धर्माकडे झुकले. मायेची भाषा पाद्र्याच्या तोंडी होती. जबरदस्ती दुसऱ्या खात्यात चालत होती, पण हिशेबाची वही एकच होती.

त्यातच साथी आल्या. १६३४ नंतरच्या सहा-सात वर्षांत गोवर, फ्लू आणि देवी यांनी वेंडॅट लोकसंख्या जवळजवळ निम्म्यावर आणली. हे रोग युरोपातून आलेले होते. पाद्री मरणाऱ्याच्या अंथरुणापाशी धावत जात आणि जीव जाण्याआधी कपाळावर पाणी शिंपडत. पाहणाऱ्यांना काय दिसले असेल? काळ्या झग्यातला माणूस येतो, पाणी शिंपडतो, माणूस मरतो. पाद्री चेटूक करतात अशी बोलवा झाली आणि १६३७ मध्ये त्यांना मारून टाकायचे की नाही यावर सभा भरली. आपला शेवट आला असे समजून ब्रेबफने त्यांच्याच चालीप्रमाणे निरोपाचे जेवण दिले, घर भरून पाहुणे आले. ह्युरॉनांनी त्याला मारले नाही. ज्यांचा नकार कुणी ऐकला नाही त्यांनी त्याचा जीव राखला, ही गोष्ट त्याच्या चरित्रात अधिक ठळक अक्षरात यायला हवी.

राजापुरात चित्र वेगळे होते. तिथे अटी घालण्याचा अधिकार यजमानाच्या हातात होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांचे एक अख्खे प्रकरण आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस हे इतर सावकारांसारखे नव्हेत, प्रत्येकाच्या मागे राजा आहे, हे त्यात बजावले आहे. जागा द्यायचीच झाली तर समुद्राच्या तोंडाशी न देता राजापुरासारख्या खाडीत आत असलेल्या शहरी द्यावी आणि पक्के बांधकाम करू देऊ नये, हा त्यातला सल्ला. पाहुण्याला दारातून हाकलायचे नाही, पण घराच्या किल्ल्याही द्यायच्या नाहीत.

त्या यजमानाच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या, धर्माविषयी फ्रेंचांनीच लिहून ठेवले आहे. १६६४ च्या सुरत लुटीत कापुचिन पाद्री आंब्रोज याच्या मठाला हात लागला नाही. पाद्री भले लोक आहेत म्हणून महाराजांनी त्यांना वगळले, असे फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य लिहितो, की शिवाजी स्वतः मूर्तिपूजक असला तरी सगळे धर्म चालवून घेतो. या देलाँची गोष्ट विलक्षण आहे. तो पक्का कॅथलिक. पण मूर्ती आणि बाप्तिस्मा याविषयी मोकळेपणाने बोलल्यावरून १६७३ मध्ये त्याला पोर्तुगीजांच्या दमणमध्ये पकडले आणि गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, कोठडीत टाकले. त्याने पुढे १६८७ मध्ये त्यावर पुस्तक छापले तेव्हा युरोप हादरला. स्वधर्मीयांच्या राज्यात या फ्रेंचाला शंका विचारण्याची सोय नव्हती.

मात्र यातून आपली पाठ थोपटून घेण्यासारखे सगळेच नाही. १६६७ मध्ये मराठी फौज गोव्याच्या बारदेशात शिरली तेव्हा पाद्री मारले गेले. आणि त्याहून मोठी गोष्ट घरातली आहे. परक्या देवाला नकार देण्याचा हक्क आपण मागतो. पण आपल्याच गावातल्या माणसांना आपल्याच देवाच्या दारात शतकानुशतके नकार दिला गेला. रत्नागिरीत सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उघडले ते १९३१ साली, सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने. तोवर कित्येकांसाठी देवळाची पायरी ही शेवटची हद्द होती. ज्याला स्वतःच्या घरात जागा नाही त्याला पाहुण्याच्या देवाने आत बोलावले, तर तो भुलला असे म्हणण्याचा अधिकार दार लावणाऱ्याकडे राहत नाही.

म्हणूनच याच रत्नागिरी जिल्ह्याशी नाते असलेली दोन माणसे इथे आठवतात. एक नारायण वामन टिळक, दापोली तालुक्यातल्या करजगावचे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, पण अभंग, ओवी, कीर्तन त्यांनी सोडले नाही. ख्रिस्ताला त्यांनी मराठी अंगणात आणून बसवले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांनी नकार दिला, रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या आणि काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी त्या वाटेवर आल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला त्यांचा होकार खरा वाटतो, कारण आधीचा नकार खरा होता.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. मधल्या एकवीस वर्षांत अनेक धर्मांच्या लोकांनी त्यांना आपल्याकडे बोलावले. त्यांनी सगळ्यांचे ऐकले, ग्रंथ वाचले, वेळ घेतला. जन्माने मिळालेल्या धर्माला नकार आणि निवडलेल्या धर्माला होकार, दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. ब्रेबफला नकार देणाऱ्या वेंडॅट माणसाला हवी होती ती एवढीच मोकळीक: वेळ घेण्याची, आणि शेवटी ‘नको’ म्हणूनही शेजारी राहण्याची.

साष्टीतल्या कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना ती मोकळीक मिळाली नाही. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही जणांना त्यांनी ठार केले. त्यांची प्रेते परत आणण्याचे काम फादर स्टीफन्सने केले, ‘ख्रिस्तपुराण’ लिहिण्याच्या कितीतरी आधी. मग पोर्तुगीजांनी गावच्या मुखत्यारांना वाटाघाटीसाठी असोळणेच्या किल्ल्यावर बोलावले आणि तिथे त्यांची कत्तल केली. एक जण तेवढा निसटला, असे गावात सांगतात. दोन्हीकडच्या मेलेल्यांची स्मारके आज एकाच गावात आहेत. शंभर वर्षांनी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयने लोकांची बोलीच बंद करण्याचा हुकूम काढला: तीन वर्षांत पोर्तुगीज शिका. स्टीफन्सने जिचे पहिले व्याकरण लिहिले, तीच ही कोकणी.

पण शब्दांचे आणि अस्थींचे आयुष्य हुकमांपेक्षा मोठे निघाले. १६३६ मध्ये ओसोसाने या गावी ब्रेबफने वेंडॅटांचा मृतांचा सण पाहिला होता. दहा-बारा वर्षांनी एकदा गावोगावचे लोक आपल्या मृतांच्या अस्थी उकरून, स्वच्छ करून, पाठीवर बांधून आणत आणि एकाच मोठ्या खड्ड्यात सगळ्यांच्या अस्थी एकत्र ठेवत. एका मुलीने बापाच्या हाडांवरून मायेने हात फिरवला, आपल्या मेलेल्या लेकरांच्या हाडांत मण्यांची कांकणे घातली, हे त्याने भारावून लिहिले आहे. नाशिकला गोदावरीत आईच्या अस्थी सोडणाऱ्या माणसाला ती मुलगी परकी वाटणार नाही. १९४० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी तो खड्डा उकरला आणि अस्थी टोरांटोच्या संग्रहालयात गेल्या. १९९९ मध्ये त्या परत मिळाल्या. क्वेबेकपासून ओक्लाहोमापर्यंत पांगलेले वेंडॅट वंशज ओसोसानेला जमले आणि त्यांनी पूर्वजांना पुन्हा त्याच मातीत ठेवले. त्यांची भाषा विसाव्या शतकात बोलण्यातून गेली होती. क्वेबेकजवळच्या वेंडाके गावात मुले आता ती पुन्हा शिकतात, आणि शिकवणाऱ्यांच्या हाताशी त्याच जेझुइटांनी लिहून ठेवलेले शब्दकोश असतात.

फाल्गुनात फातर्प्याहून कुंकळ्ळीची शांतादुर्गा आपल्या गावी येते. चारशे वर्षांपूर्वी तिला जिथून हलवावे लागले, त्या जागी. पालखीपुढे बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या चालतात, गुलालाने रस्ता लाल होतो, वाटेवरच्या ख्रिस्ती घरांतली माणसेही दारात येऊन उभी राहतात, कारण त्यांच्याही पूर्वजांची ती देवी. देवी काही वेळ जुन्या स्थळी थांबते. मग छत्र्या पुन्हा उचलल्या जातात आणि मिरवणूक फातर्प्याच्या वाटेला लागते.